गरुडं तात्यानं मारली नव्हती

जमलेल्या सगळ्यांना रामराम. मला बोलायची सवय नाही. शाळा सातवीत सुटली, आणि गेली चार वर्षं छत्तीसगडला बोअरच्या गाडीवर आहे. तिथं मशिनीच्या आवाजात माणूस बोलत नाही, हातवारे करतो. पण आज तात्याच्या शोकसभेत मीच सरपंचांना म्हणालो, मला दोन मिनिटं द्या.

माझ्या आधी तिघं बोलले. भानुदास तात्या मेंढरांचा जाणकार, तात्या शब्दाचा पक्का. सगळं खरं. एक जण मात्र म्हणाले, "एक चूक झाली आसंल, पण माणूस लई चांगला." कोणती चूक, ते त्यांनी सांगितलं नाही. तुमाला सगळ्यांना कळलं. माळावरची गरुडं.

मंडळी, ती गरुडं तात्यानं मारली नव्हती. मी मारली.

लांडग्यानं आमच्या दोन शेळ्या लागोपाठ नेल्या. तिसरी अर्धी खाऊन माळावर टाकली. घरात कापसाच्या किडीवरचं दाणेदार औषध पडलेलं होतं. ते मी शेळीच्या पोटात भरलं आणि घरी येऊन जेवलो. लांडगा परत येईल आणि मरेल, एवढंच डोक्यात. दिवस उजाडला की मेल्या जनावरावर कोण उतरतं, हे मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. तरी केलं.

सकाळी नऊ घारी आणि गरुडाची जोडी पडलेली. एका गरुडाचा पंख अजून हलत होता. लांडगा आलाच नव्हता. तात्या मेंढरं घेऊन आला, बघितलं, माझ्याजवळ आला.

"कुणाचं काम रं हे?"

"मला काय माहीत, तात्या."

"हात धुऊन ये बे आधी. वास येतोय."

मारलं नाही, शिवी दिली नाही. टिकाव हातात दिला. "खोल खण. ह्यांना जे खाईल, ते बी मरंल." मी खणत होतो, तो फडक्यात धरून एकेक पक्षी आणत होता. शेळीही त्यातच टाकली. वर मीठ, मग माती. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून त्यावर बाभळीच्या काट्या लागतात. त्या आणायला मी ओढ्यात गेलतो, आणि तेवढ्यात वनखात्याची गाडी आली. खड्ड्यापाशी तात्या एकटा.

मी ओढ्यातून बघत होतो. तात्याला गाडीत बसवलं. मी काट्या तिथंच टाकल्या आणि पळालो. चौथ्या दिवशी बोअरच्या गाडीवर चढलो.

तात्यानं माझं नाव घेतलं नाही. साहेबांनी संध्याकाळी सोडलं. गावानं सोडलं नाही. "या, गरुडमारे" म्हणत होतात तुमी त्याला पारावर. तात्याच्या घरच्या, काकू, समोर बसल्यात. त्यांनी ते रोज ऐकलंय.

एकदा मी फोन केलता. "तात्या, माझं नाव कावून सांगितलं न्हाई?"

"तुला तोंड हाय की. गावाकडं ये, तूच सांग."

"दिवाळीला येतो."

"कोणत्या दिवाळीला, ते बी सांग," म्हणाला, आणि हसला.

दिवाळ्या गेल्या. मी आलो तो आज.

आता ऐका. उद्या सकाळी मी वनखात्याच्या कचेरीत जाणार आणि माझं नाव लिहून देणार. तो गुन्हाच आहे. होईल ते होईल. गाडीवाल्याला सांगून आलोय, माझी वाट बघू नका. आणि तुमच्यातल्या कुणी मढ्यात भरायला औषध ठेवलं असेल, तर ते ठेवू नका. असं करणारा मी गावात एकटा नव्हतो, हे तुमालाही माहीत आहे. लांडग्यानं शेळी मारली तर वनखात्याला बोलवा, पंचनामा करा, आणि उरलेलं पुरा. खणायचा कंटाळा आला तर मला हाक मारा. तुरुंगाबाहेर असलो तर येईन.

काकू, माफी आज मागत नाही. कचेरीतून आल्यावर दारात येऊन मागेन.

आता सगळे उभे राहा. दोन मिनिटं कुणी बोलू नका. तात्या चार वर्षं गप्प राहिला. आपल्याला दोन मिनिटं जमतील.