मेलेल्या मामाच्या अक्षता

नाय, पण कुणी चूक दाखवली तर माणसानं लिहिणंच सोडून द्यायचं, ही कुठली रीत? तुम्हाला सांगतो, आमच्या निर्मलाचा दोन हजार आठचा अख्खा उन्हाळा एका गोष्टीपायी नासला... गोष्ट म्हणजे खरोखरची गोष्ट, तेव्हाच्या त्या ऑर्कुट साइटवरची. निर्मला म्हणजे आमची बायको, शहापूरला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची, दुपारी पोरं पांगली की हौशी लेखकांच्या एका कम्युनिटीत वाचत बसायची, आणि संध्याकाळी सापगावला घरी आली की भाकऱ्या थापता थापता सगळं आमच्या आईला सांगायची. आई पाय मोडून बाजेवर. तिला दुसरा विरंगुळा काय?

तिथं एकानं कादंबरी लावलेली. टोपणनाव 'निःशब्द वादळ'. आता वादळ निःशब्द कसं, ते जाऊ द्या. भाग टाकायचा, खाली 'क्रमशः', आणि त्याखाली रांग... 'छान', 'खूपच छान', 'शब्दच नाहीत'. शब्दच नाहीत तर लेखकांच्या कम्युनिटीत करता काय बाबांनो? आणि हा प्रत्येकाला 'धन्यवाद मित्रा'. बायकांनासुद्धा मित्रा.

तर गोष्टीतली रेश्मा बोहल्यावर उभी, मनात दुसराच कोणी, मंगलाष्टकं चाललेली, मांडवाबाहेर जीप थांबते, जीपचं दार उघडतं... क्रमशः. आई बाजेवर उठून बसली. "कोन उतरला गो?" पण निर्मलाच्या डोक्यात भलताच किडा. मांडवात अक्षता टाकायला रेश्माचा मामा उभा होता, आणि हा मामा मागच्याच एका भागात सिद्धगडच्या कड्यावरून पडून मेलेला, त्याच्या तेराव्याचं ऐकून आमची आई डोळ्यांना पदर लावून रडलेली. तेव्हा निर्मलानं अगदी अदबीनं लिहिलं, 'लेखन आवडलं. फक्त, मामा वारले होते ना?' एवढंच. आता यात तिचं काय चुकलं, तुमीच सांगा.

गहजब झाला हो. 'ताई, आधी स्वतः लिहून दाखवा.' 'टीका करणं सोपं असतं.' एक म्हणाला, 'मामा प्रतीकात्मक आहे.' प्रतीकात्मक मामा अक्षता टाकतो? जेवून पण गेला असेल मग. आणि वादळसाहेबांनी जाहीर केलं... 'माझं मन दुखावलं आहे. मी लेखणी खाली ठेवत आहे.' अरे, कीबोर्डवर लिहितोस ना तू?

बरं, घरी आई. "तूच घालवलंस त्याला. चांगला सांगत व्हता बिचारा. त्या मामानं तुझं काय खाल्लं व्हतं?" सुनेशी बोलेना, औषध घेईना. आधी जीपमधला माणूस, मग गोळी. यात निर्मलाचं काय चुकलं, सांगा ना.

शेवटी तिनं कम्युनिटीतल्या एकीकडून पत्ता काढला. वादळ वाशिंदला राहत होतं, नव्या बिल्डिंगीत, खरं नाव ज्ञानेश्वर. "अहो, चला, माफी मागून येते," म्हणाली. मी मोटरसायकल काढली. दार उघडलं तर हडकुळा, लाजाळू माणूस, फॅक्टरीतून नुकताच आलेला. निर्मलानं ओळख सांगितली तसा त्याचा चेहरा उतरला. पाणी दिलं आणि पहिला प्रश्न काय, तर "भाषा कशी वाटली?"

"भाषा बरी आहे," निर्मला म्हणाली. "जीपमधून कोण उतरतं?"

"ताई, मलाच माहीत नाय. सगळे छान म्हणत गेले, मी लिहीत गेलो. नीट वाचलं ते तुमीच. मग मला लिहायची भीतीच बसली."

माफी मागायला गेलेली बाई, माफी राहिलीच. तशीच परत आली, आणि तिनं ठरवलं, शेवट आपणच लिहायचा. दोन रात्री जागली. सगळं कसं जागच्या जागी... मामा मेलेलाच, जीप कोणाची ते स्पष्ट, रेश्माचा बाप लग्नाला का कबूल झाला त्याचं कारण, काही म्हणजे काही सुटलं नाय. वादळाचा म्हणून आईला वाचून दाखवला. आईनं शेवटपर्यंत ऐकला, गोळी घेतली, पाणी प्याली.

"बरा हाय," म्हणाली. "पण हा लिवनारा दुसरा दिसतो गो. पयला कुठं गेला?"

निर्मलानं कागद घडी करून उशीखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लासमध्ये बसून तिनं कम्युनिटीत दोनच ओळी टाकल्या...

'मामा जिवंत असले तरी चालेल. कृपया पुढचा भाग टाका.'