पान २१२ वरील खोडलेल्या नोंदीबाबत

जबाब
दिनांक १७/११/२०२५, सकाळी ११.४० वाजता

मी, आम्रपाली मच्छिंद्र ओव्हाळ, वय ६४ वर्षे, व्यवसाय निवृत्त शिक्षिका (विषय इंग्रजी), राहणार फ्लॅट क्र. ७, स्नेहबंध सोसायटी, कर्वेनगर, पुणे, समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगते की,

सन १९७३ मध्ये आम्ही शिरसवाडी जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. मी बारा वर्षांची होते. रविवारी जेवणे झाली की माझे वडील, मच्छिंद्र ओव्हाळ, ओट्यावर पोते टाकून शेंगा फोडत बसत. मी शेजारी बसून त्यांना इंग्रजी पुस्तक वाचून दाखवीत असे आणि प्रत्येक वाक्य मराठीत सांगत असे. एका शेंगेत दोन दाणे निघाले तर एक माझा, असे ठरलेले होते. वडील चौथी शिकलेले होते. मजकुरात चूक सापडली की ते म्हणत, "थांब. खोटं आहे. लिही." मग मी समासात पेन्सिलने लिहीत असे.

हवालदार सोनाली टिळेकर यांनी मला कालच्या घटनेपासून सुरुवात करण्यास सांगितले. मी त्यांना सांगितले की घटना इथूनच सुरू होते.

पुस्तके एकूण सहा आहेत. वाफेच्या इंजिनांची आणि रेल्वेच्या इतिहासाची ती संदर्भपुस्तके असून त्यांच्या नावांची यादी सोबत जोडली आहे. शिरसवाडीच्या इंजिन शेडचे फोरमन १९७३ साली ऑस्ट्रेलियाला कायमचे गेले तेव्हा त्यांनी ती एका ट्रंकेत घालून वडिलांना दिली. "तू वाचणार नाहीस, पण तुझी मुलगी वाचेल," असे ते म्हणाल्याचे वडील सांगत.

वडिलांनी सहाही पुस्तके माझ्या तोंडून ऐकली, तीन वर्षांत. वडील फायरमन होते, म्हणजे इंजिनात कोळसा टाकत. त्यामुळे त्यांना बरेच काही पटत नसे. एका पुस्तकात आमच्या शेडचा नकाशा होता, त्यात पाण्याची टाकी उलट्या बाजूला होती. तिथे मी लिहिले, "टाकी डावीकडे. उजवीकडे आमचं क्वार्टर." एका इंजिनाला तासाला किती कोळसा लागतो त्याचा आकडा होता, तिथे लिहिले, "हे लिहिणाऱ्याने फावडं धरलेलं नाही." अशा चारशेहून जास्त नोंदी होत्या. अक्षर माझे, म्हणणे त्यांचे. त्यांचा उजवा हात कोपरापर्यंत भाजलेला होता, त्यामुळे बोटांत पेन्सिल राहत नसे.

शाई का वापरली नाही, असे मला विचारण्यात आले. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते आणि पुस्तकात शाईने लिहिणाऱ्या मुलीला सिस्टर वर्गाबाहेर उभे करीत. वडील त्याहून कडक होते. ते म्हणत, "पुस्तक छापलेलं आहे, आपण बोलतोय. उद्या आपलंच चुकीचं निघालं तर खोडता आलं पाहिजे. पण दाबून लिही." या दोन शिस्तींमुळे आज मी इथे बसले आहे.

सहापैकी एका पुस्तकात, पान २१२ वर, जानेवारी १९६९ मधील शिरसवाडीजवळच्या बॉयलर अपघाताची माहिती आहे. त्या इंजिनाचे ड्रायव्हर संभाजी खळदकर जागीच मरण पावले. फायरमन माझे वडील होते. पुस्तकात इंग्रजीत छापले आहे की चालकाच्या निष्काळजीपणामुळे बॉयलरमधील पाणी धोक्याच्या पातळीखाली गेले. पुस्तक १९७१ चे आहे. त्या पानाच्या तिन्ही समासांत वडिलांनी सांगितलेली नोंद होती. ती लिहून घेताना वडिलांनी शेंगा बाजूला ठेवल्या होत्या. एवढेच मी पाहिले, बाकी मी खाली मान घालून लिहीत होते.

वडील १९८८ साली वारले. पुस्तके तेव्हापासून माझ्याकडे होती.

खळदकर यांचा मुलगा माझ्याच वर्गात होता. अपघातानंतर शाळेत त्याला 'इंजिन उडवणाऱ्याचा पोरगा' म्हणत. त्याने शाळा सोडली. गेल्या वर्षी पुण्यात त्याची पुन्हा भेट झाली तेव्हा तो म्हणाला, "आमच्या घरात रेल्वेचा विषय निघत नाही." मी त्याला पान २१२ दाखवीन असे म्हटले. तो "बघू" म्हणाला. यंदा मार्चमध्ये तो वारला. त्याची मुलगी तेजस्विनी, वय ३४, वाघोलीला राहते.

श्री. संजय परचुरे, वय अंदाजे ६७, हे सदाशिव पेठेतील 'धूम्ररेषा रेल्वे अभ्यास मंडळ' या संस्थेचे सचिव आहेत. जुनी रेल्वेविषयक पुस्तके स्कॅन करून सर्वांना वाचायला खुली करायची, असा मंडळाचा उपक्रम आहे. वडिलांचे म्हणणे चार लोकांनी वाचावे म्हणून मी दि. २२/०९/२०२५ रोजी सहाही पुस्तके परचुरे यांच्या हाती दिली. देणगी नव्हे, स्कॅन करून परत देण्याच्या बोलीवर. सोबत पत्र दिले. त्यात "समासातील हस्तलिखित नोंदींसह स्कॅन करावे, नोंदी महत्त्वाच्या आहेत" असे स्पष्ट लिहिले आहे. पत्राच्या प्रतीवर परचुरे यांची पोचसही आहे. पुस्तकांची झेरॉक्स मी काढली नाही. ही माझी चूक आहे आणि ती मी लपवत नाही.

काल रविवार, दि. १६/११/२०२५ रोजी सकाळी दहा वाजता मंडळाच्या जागेत पुस्तके परत देण्याचा छोटा कार्यक्रम होता. मी तेजस्विनीला मुद्दाम बोलावून घेतले होते. "तुझ्या आजोबांबद्दल लिहिलेलं आहे, ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी वाच," असे मी फोनवर म्हणाले होते. ती दोन बस बदलून आली.

पुस्तके टेबलावर मांडलेली होती. पाठीला नवीन कापडी पट्टी, वर पारदर्शक कव्हर. शेजारी मंडळाने छापलेली पत्रिका होती, 'वाफेची इंजिने आणि रेल्वेचा इतिहास : शिफारस केलेले संदर्भग्रंथ'. त्यात पहिल्या क्रमांकावर पान २१२ वाले पुस्तक होते आणि पुढे लिहिले होते, "सर्वात विश्वासार्ह. अपघातांची माहिती निर्दोष. प्रत स्वच्छ."

मी स्वतः न बघता पुस्तक तेजस्विनीच्या हातात दिले आणि पान सांगितले. तिने पान उघडले, वाचले. मला तिचा चेहरा दिसत होता, पान दिसत नव्हते. ती म्हणाली, "आत्या, हेच दाखवायला बोलावलंत का?"

मी पान पाहिले. तिन्ही समास कोरे होते. नंतर मी सहाही पुस्तके चाळली. एकही नोंद शिल्लक नाही.

मी परचुरे यांना विचारले, "समासातलं कुठे गेलं?"

ते म्हणाले, "काढलं सगळं. तीन आठवडे मी स्वतः बसलोय, मॅडम. मऊ खोडरबर आणलं खास. एकेक पान. स्कॅन स्वच्छ यायला हवा ना."

"म्हणजे स्कॅन खोडल्यावर केलंत?"

"अर्थात. कुणा पोराने गिरगोट्या केल्या होत्या, मराठी-इंग्रजी मिसळून. संदर्भग्रंथ म्हणजे रफ वही नव्हे."

"ते पोर मी. आणि सांगणारे माझे वडील, त्या इंजिनाचे फायरमन. आपण खोडायच्या आधी वाचलंत का?"

"पेन्सिलीचं काय वाचायचं, अहो? पेन्सिल खोडण्यासाठीच असते."

"मी पत्र दिलं होतं."

"पत्र फाइलला आहे. व्यवस्थित आहे."

मी म्हणाले, "पत्र जपलंत, ते बरं केलंत. आमच्याकडचं तेवढंच धड राहिलं."

त्यावर ते म्हणाले, "पुस्तकं दिलीत त्यापेक्षा चांगल्या अवस्थेत परत देतोय. लोक आभार मानतात." मग थोड्या खालच्या आवाजात म्हणाले, "तुम्हाला आठवत असेल तर वेगळ्या कागदावर लिहून द्या, आम्ही आठवणी या सदरात घेऊ. पण संदर्भ म्हणून नाही घेता येणार. आठवणीचा भरवसा काय?"

हे ऐकून मी काय बोलले ते मंडळाच्या हजर सभासदांना विचारावे. मी छत्तीस वर्षे वर्गात शिकवले, आवाज चढवायची वेळ क्वचित आली. काल आली. माझ्या हातून पाण्याची बाटली पडली, फेकली नाही. तेजस्विनीने मला खुर्चीवर बसवले. तिने परचुरे यांना एकच वाक्य विचारले, "काका, मग आता यात जे उरलंय ते खरं धरायचं का?" मला परचुरे यांनी हे दुष्टाव्याने केले असे म्हणायचे नाही. त्यांनी न वाचता केले, आणि माझी तक्रार हीच आहे.

आज सकाळी हवालदार टिळेकर यांनी मला विचारले, "पुस्तकं सहा दिली, सहा मिळाली. पान फाटलेलं नाही. मी नुकसान काय दाखवू, मॅडम?" मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवले. त्यांनी पान २१२ उचलून आडवे धरले आणि मोबाइलची टॉर्च कडेने मारली. समासात दाबून लिहिल्याचे वळ दिसले. त्यांनी स्वतः मोठ्याने पहिला शब्द वाचला, "खोटं". खालच्या दोन ओळीही त्यांनी लावल्या. पुढे वळ बुजले आहेत, कारण परचुरे यांनी मन लावून काम केले आहे.

टिळेकर म्हणाल्या, "म्हणजे हा तुमच्या वडिलांचा जबाबच होता की."

मी होय म्हणाले. १९६९ साली वडिलांचा जबाब दवाखान्यात घेतला होता. तो इंग्रजीत लिहिला होता. त्यांना वाचून दाखवला नाही. पट्टी बांधलेल्या हाताऐवजी डाव्या हाताचा अंगठा घेतला. पुस्तकातील माहिती 'फायरमनच्या जबाबानुसार' म्हणून छापली आहे. त्या कागदावर काय लिहिले होते हे त्यांना चार वर्षांनी, पान २१२ वर, माझ्याकडून समजले. मीच त्यांना ते मराठीत सांगितले. शब्द मला अडला होता, निष्काळजीपणा. मी डिक्शनरी आणायला आत गेले होते.

म्हणून खोडलेली नोंद मी येथे पुन्हा सांगत आहे. पहिल्या तीन ओळी टिळेकर यांनी पानावरून पडताळल्या आहेत. बाकी मला पाठ आहे :

"खोटं. पाणी कमी झालं हे खरं. ते दिसत नव्हतं हेही खरं. पाणी दाखवणाऱ्या काचेच्या नळीत अर्धं दिसत होतं. नळीचा खालचा कॉक क्षार साचून बुजला होता, म्हणून काच खोटं बोलली. खळदकर ड्रायव्हरनी तीन दिवस ओळीने दुरुस्तीच्या वहीत लिहिलं. शेड म्हणालं, आज गाडी न्या, उद्या बघू. ती वही चौकशीत आली नाही. वाफ फुटली तेव्हा मी दाराशी होतो. त्यांनी मला पायरीवरून खाली ढकललं आणि स्वतः ब्रेक लावायला मागे वळले. मागे सात डबे माणसं होती. सगळी घरी गेली. हे मी पाहिलं. मच्छिंद्र ओव्हाळ, फायरमन."

'सगळी घरी गेली' हे वाक्य जबाबात लागत नाही, असे टिळेकर यांचे म्हणणे पडले. मी ते ठेवण्यास सांगितले. त्यांनी ठेवले.

येथवर जे लिहिले आहे ते हवालदार सोनाली टिळेकर यांनी मला मराठीत, मोठ्याने, सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. दोन ठिकाणी मी थांबवले, दोन्ही ठिकाणी त्यांनी दुरुस्ती केली. आता ते मी सांगितले तसे आहे. मी प्रत्येक पानावर शाईने सही केली आहे.

पुस्तके व प्रती यांबाबत माझे सांगणे पुढीलप्रमाणे आहे. पान २१२ वाले पुस्तक तपासासाठी लागत असेल तेवढे दिवस ठेवावे. नंतर ते मला देऊ नये, तेजस्विनी खळदकर हिला द्यावे. या जबाबाची एक प्रत तिला आजच द्यावी. ती बाहेर बाकावर बसली आहे. दुसरी प्रत पुस्तकात त्याच पानाला चिकटवावी, डिंकाने, निघणार नाही अशी. बाकीची पाच पुस्तके माझ्याकडे परत यावीत. आणखी किती वळ वाचता येतात ते मला बघायचे आहे, टॉर्च माझ्याकडे आहे. एक प्रत श्री. संजय परचुरे यांना पोचसही घेऊन द्यावी. त्यांनी ती फाइलला लावायच्या आधी वाचावी.