उपाशी वाढलेलं लाकूड

आम्ही मूळचे तंजावरचे. पणजोबा राजवाड्यासाठी बाण करायचे असं घरात सांगत, पण त्या सांगण्यावर कुणाचं पोट भरलं नाही. मद्रासला तिरुवल्लिकेणीत एक खोली, आम्ही सात जण, अम्मा चार घरचं इडलीचं पीठ वाटायची, आणि वर आढ्याला अप्पांच्या फोकांच्या जुड्या वर्षभर वाळत, उभं राहिलं की डोक्याला लागत. देवळाच्या उत्सवात देवाची मूर्ती शिकारीला निघते, तिचे बाण अप्पा करत, पण ते वर्षातून एकदा. बाकीचे दिवस वेताच्या खुर्च्या विणायच्या.

लाकूड निवडणं म्हणजे काय सांगू तुम्हाला. गिंडीच्या रानात जायचं, धामणीच्या झाडाचे फोक बघायचे, बागेतले पाणी पिऊन माजलेले नाही, काटेरी झुडपात घुसमटून उजेडासाठी सरळ वर गेलेले, करंगळीएवढे. अप्पा म्हणायचे, पोरी, उपाशी वाढलेलं घे, त्याचा गाभा बारीक असतो, सहज मोडत नाही. मला राग यायचा. उपाशी वाढण्याचं कौतुक आम्हीच कशाला करायचं?

तरी मी कॉलेजला गेले, घराण्यात पहिली. तिथं मुलींना तिरंदाजी शिकवायचं ठरलं, तेव्हा मीच अप्पांना दोन डझन बाण घेऊन बोलावलं. गेम्स मास्तरांनी त्यांना पायरीखाली उभं केलं आणि माझ्यादेखत म्हणाले, ओय् पेरियवर, म्हणजे म्हातारबा, जळण आणलंस काय, गाठी बघ किती. अप्पा म्हणाले, सामी, गाठ घासलीय, खूण राहते. मास्तरांनी आमचे बाण कोपऱ्यात टाकले आणि वखारीतली फळी चिरून गुळगुळीत बाण करवून घेतले.

पंधरा दिवसांत एक बाण सुटता सुटताच मोडला, माझ्या वर्गातल्या लीलेच्या तळहातात ढलपी घुसली. मास्तरांनी प्रिन्सिपॉलबाईंना सांगितलं, त्या म्हाताऱ्याचा बाण. अप्पांना बोलावणं गेलं, आणि अप्पा बाईंपुढे हात जोडून म्हणाले, चूक झाली असेल अम्मा. मोडका बाण बघितलासुद्धा नाही त्यांनी. मास्तरांपेक्षा त्या जोडलेल्या हातांचा राग मला जास्त आला, अजून आहे.

मी टेबलावरचा तुकडा उचलला. म्हटलं, बाई, टोक बघा, अख्ख्या फोकाचा बाण असला तर मधोमध गाभ्याचा ठिपका हवा, यात कुठाय? रेषा तिरक्या पळाल्यात, हे करवतीचं काम आहे. आमचा एक मागवा. मागवला, ठिपका होता. मास्तर म्हणाले, मुली फार बोलायला लागल्या. मी म्हटलं, फी घेऊन शिकवताय सार, बोलणारच.

माफी त्यांनी मागितली नाही. बाईंनी मात्र फलकावर कागद लावला की मोडलेला बाण अप्पांचा नव्हता, आणि खाली अप्पांचं पूर्ण नाव लिहिलं. अप्पांना वाचता येत नाही, मी वाचून दाखवलं, दोनदा.

आता मी शाळेत शिकवते. त्या कॉलेजातल्या मुली अप्पांच्याच बाणांनी शिकतात, आणि मी बी.ए. आहे.