ताईंची आठी

…आणि वर म्हणतात कशा, "अगं, दोन मिनिटांचं तर काम, पुसून टाक की!" दोन मिनिटांचं! तुम्हाला सांगते, ज्या आठीखाली मी सव्वीस वर्षं संसार केला, ती मी दोन मिनिटांत पुसायची? का? कॅमेरा माझा, कॉम्प्युटर माझा, ब्रश माझा! आठी पुसायची नाही म्हणजे नाही! काय व्हायचं ते होऊ दे!

थांबा. मधूनच सुरू झाले मी. आमचे हे नेहमी म्हणतात, "तू गोष्ट सांगतेस का कपाट उपसतेस?" तर आठी कोणाची, तर आमच्या ताईंची. ताई म्हणजे माझ्या नणंदबाई, ह्यांच्या थोरल्या बहीण, शाळेच्या मुख्याध्यापिका, निवृत्तीला आलेल्या. आणि आठी म्हणजे साधीसुधी आठी नव्हे हो! आडव्या आठ्या काय, मलाही आहेत. ताईंची उभी! दोन भुवयांच्या बरोबर मध्ये, दोन रेघा, शेजारी शेजारी, अकराच्या आकड्यासारख्या. घरात तिचं नावच 'अकरा'. ताई आल्या की हे स्वयंपाकघरात येऊन कानात सांगणार, "अकरा वाजलेत गं." मग सकाळचे साडेआठ का असेनात! मी पहिल्यांदा ह्यांच्या घरी गेले ना, तेव्हा ताई आतून बाहेर आल्या, दारात उभी असलेली मी त्यांना दिसले, आणि वाजले की हो अकरा! मी तिथेच ठरवलं, ह्या बाईला आपण आवडलो नाही. संपलं. सव्वीस वर्षं त्यांच्यासमोर मी मान खाली घालून चहाचे कप उचलले.

आता तुम्ही म्हणाल, ह्यात फोटो कुठून आला. सांगते. मी हॉस्पिटलात एक्स-रे काढते. बावीस वर्षं झाली. माझ्याकडे माणूस आला की मी त्याच्या आतलं बघते, चेहरा कोण बघतोय? बरगड्या दिसल्या? दिसल्या. चला, पुढचा! पन्नाशी आली तसं मनात आलं, एवढ्या लोकांची हाडं बघितली, आता जरा वरचं बघावं. घेतला कॅमेरा. हे म्हणाले, "मोबाईलमध्ये आहे की कॅमेरा." म्हटलं, "मोबाईलमध्ये बॅटरीसुद्धा आहे, म्हणून घरातले दिवे काढलेत का तुम्ही?"

मग आला सॉफ्टबॉक्स. दिव्यावर काळा तंबू बसवायचा, पुढे पांढरा पडदा, म्हणजे उजेड कसा मऊ पडतो, लोण्यासारखा. स्टँड पडू नये म्हणून पायाला वाळूची पिशवी बांधतात म्हणे, मी पाच किलो साखरेची बांधली. दुसऱ्या दिवशी बघते तर सासूबाईंनी स्टँडवर टॉवेल वाळत घातलेला! "बरं झालं आणलंस गं, गॅलरीत जागाच नव्हती." घ्या!

शिकले कुठे? व्हिडिओ बघून. एक दाढीवाला आहे, तो शिकवतो. दिवा इथे ठेवा, नाकाची सावली अशी पडू द्या. मी आपली दिसेल त्याला धरून बसवायचे. खालच्या मजल्यावरचे दाताचे डॉक्टर, त्यांना बसवलं, तर ते हसायलाच तयार नाहीत! जन्मभर दुसऱ्यांना 'आ' करायला लावणारा माणूस ओठ मिटून बसलेला! आणि माझी ती हॉस्पिटलची सवय… "श्वास घ्या… धरा… हलू नका…" म्हटलं, आणि दिवा जरा खाली घ्यायला गेले, मग पडदा सरळ केला, मग सेटिंग बदललं… 'सोडा' म्हणायचं राहूनच गेलं! डॉक्टर जांभळे! आणि मी कॅमेऱ्यातून बघतेय, अगंबाई, काय सुरेख रंग आलाय!

तर अशात ताईंचा फोन. "शाळेच्या व्हरांड्यात जुन्या मुख्याध्यापकांचे फोटो आहेत ना, त्यात माझा लावायचाय. तुझ्याकडे ती खेळणी आहेतच, तर काढ." खेळणी! पण म्हटलं जाऊ दे, भिंतीवर लागणार फोटो, खाली बारीक अक्षरात माझं नाव.

रविवारी सकाळी आल्या. ठेवणीतले निळे कपडे, केस चापूनचोपून. मी सोफा सरकवलेला, मागे राखाडी चादर, इस्त्री करून. ह्यांच्या हातात गाडीच्या काचेला लावायचा तो चंदेरी पडदा, उजेड परतवायला. "अहो, वर! अहो, एवढं वर नाही! अहो, ताईंच्या तोंडावर, माझ्या नको!" नव्वद फोटो काढले. नव्वद! आणि नव्वदच्या नव्वद फोटोंत… अकरा.

त्यातला चांगला निवडला, कॉम्प्युटरवर दाखवला. ताईंनी आपला वाचायचा चष्मा लावला, पुढे झुकून बघितला. मला वाटलं, झालं, आता शिव्या. तर म्हणाल्या, "छान आलाय. फक्त हे पूस." म्हटलं, "काय?" "हे गं." आणि बोट अगदी बरोबर दोन भुवयांच्या मध्ये! म्हणजे त्यांना माहीत होतं! आम्ही इतकी वर्षं स्वयंपाकघरात कुजबुजतोय आणि त्यांना माहीत!

आणि तिथे माझं डोकं फिरलं. हो! एरवी मी 'हो ताई, बरं ताई'. पण फोटोच्या बाबतीत मी कोणाच्या बापाला भीत नाही! दाढीवाल्याचा नियम आहे: पुटकुळी पाहुणी, तिला घालवा, तीळ घरचा, त्याला हात लावू नका. मग ताईंची आठी कोण? पाहुणी? अहो, घरमालकीण ती! उद्या माझ्याकडे पेशंट येईल, म्हणेल, "बाई, एक्स-रे छान आलाय, फक्त ते मोडलेलं हाड तेवढं पुसून द्या, घरच्यांना दाखवायचाय." देऊ पुसून? आठी पुसायची नाही म्हणजे नाही!

हे म्हणाले, "पूस ना, कोणाला कळतंय?" कोणाला कळतंय? अख्ख्या शाळेला कळेल! ती आठी म्हणजे शाळेची घंटा आहे, व्हरांड्यात दिसली की मुलं वर्गात! सासूबाई म्हणाल्या, "माझ्या लेकीला चांगलं दिसू दे की एकदा." म्हणजे मी काय त्यांच्या लेकीला वाईट दाखवायला बसलेय? दोन दिवस घरात माझ्याशी कोणी धड बोलेना.

आता खरं सांगते, हसू नका. तिसऱ्या दिवशी दुपारी ड्यूटीवरून आले, घरात कोणी नाही, आणि मी… पुसून बघितली. नुसती बघायला! ब्रश घेतला, एक फटकारा, दुसरा फटकारा, गेली! आणि समोर कोण? कोणीतरी गोड बाई. पाकात बुडवून काढलेली. मी पाठीमागे सरकले. तेवढ्यात हे आले, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "ही कोण?" ऐकलंत? सख्खी बहीण! हे शेंबडे होते तेव्हापासून ह्यांना जिने वाढवलं, ती बहीण! "ही कोण" म्हणे! मी पटापट मागे नेलं सगळं. एक रेघ आली, दुसरी आली, जीव भांड्यात पडला. म्हटलं, बघितलंत? आठी पुसायची नाही म्हणजे नाही!

संध्याकाळी ताई दारात. एकट्याच. बसल्या. "पुसलीस?"

"नाही ताई."

"का?"

"पुसणार नाही ताई."

सव्वीस वर्षांत पहिला 'नाही', तुम्हाला सांगते! हे वर्तमानपत्राआड गेले. मी वाट बघतेय, आता वाजणार, आता वाजणार… ताई हळूच म्हणाल्या, "परवा पहिलीतली एक मुलगी वही द्यायला माझ्या खोलीत आली. मी नुसतं दाराकडे बघितलं, तर रडायलाच लागली. मी एक शब्द बोलले नव्हते गं. चौतीस वर्षांत एकाही पोरावर हात उचलला नाही मी. तरी बघितलं की रडतात. आता जातेच आहे, तर भिंतीवरून तरी घाबरवायला नको."

दुसरं कोणी असतं तर रडत रडत ब्रश उचलला असता. पण मीही एक नंबरची हट्टी! म्हटलं, "ताई, पुसणार तर नाहीच. पण परत बसा. पेशंट म्हणतो दुखतंय, म्हणून आम्ही त्याचं दुखणं पुसत नाही, कुठून येतंय ते बघतो. ही आठी येते कुठून, बघू या!"

लावला सॉफ्टबॉक्स. बांधली साखर. हे पडदा घेऊन ताईंच्या अगदी शेजारी. म्हटलं, "ताई, डोळे मिटा. मी तीन म्हटलं की उघडा." एक, दोन, तीन… खटखटखटखट! दहा फोटो एका दमात. बघते तर काय! पहिल्या फोटोत कपाळ कोरं! दुसऱ्यात कोरं! तिसऱ्यात लेन्सकडे नजर गेली, आणि आली आठी! परत केलं. परत तेच. इतक्यात हे काहीतरी पुटपुटले, ताईंनी मान वळवून ह्यांच्याकडे बघितलं, कपाळ कोरं! माझ्याकडे बघितलं, अकरा! ह्यांच्याकडे, कोरं! माझ्याकडे, अकरा! क्षणभर मला वाटलं, म्हणजे राग माझ्यावरच आहे!

मग डोक्यात लख्ख उजेड पडला. म्हटलं, "ताई, घड्याळात किती वाजलेत?"

ताईंनी समोरच्या भिंतीकडे बघितलं, आठी अशी खोल गेली की त्यात पोस्टकार्ड उभं राहील. "तिथे घड्याळ आहे?"

"अहो ताई, तुम्हीच दिलंय ते! आमच्या लग्नात!"

"मला वाटायचं ताटली लावलीय."

ताटली! म्हटलं, "ताई, लांबचे डोळे कधी तपासलेत?" "लांबचं मला स्वच्छ दिसतं! वाचायलाच काय तो चष्मा लागतो. जरा बारीक केले डोळे की सगळं दिसतं." जरा बारीक केले की! अहो, आमचे हे लहानपणापासून जाड चष्मा लावतात, त्याच आईची लेक ही! मी सरळ गेले, ह्यांच्या नाकावरचा चष्मा उपटला आणि ताईंच्या नाकावर बसवला.

आणि तुम्हाला सांगते… गेली. आठी गेली! चादरीची चुणी कोणीतरी दोन्ही बाजूंनी ओढावी, तशी. ताई बघतायत. घड्याळाकडे बघितलं. खिडकीकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं, बराच वेळ.

"अगं… तू हसतेयस?"

"हो ताई."

"तू हसतेस?… मला वाटायचं, मी आले की तू तोंड पाडून उभी राहतेस."

काय म्हणावं ह्याला? मी सव्वीस वर्षं एका चष्म्याच्या नंबरला घाबरत होते! आणि ताई माझ्या नीट न दिसणाऱ्या तोंडावरून रुसत होत्या! म्हटलं, "ताई, मग त्या पहिल्या दिवशी? मी दारात उभी होते तेव्हा?" म्हणाल्या, "मला वाटलं शेजारीण आली वर्तमानपत्र मागायला. द्यायचं नव्हतं मला." आम्ही दोघी अशा हसलो, अशा हसलो… आणि हे बिनचष्म्याचे, बिचारे, तो चंदेरी पडदा भिंतीला दाखवत उभे. "उजेड बरोबर आहे ना?"

चार दिवसांत ताईंचा नवीन चष्मा आला. परत बसवलं. आता नवीन भानगड, काचांत सॉफ्टबॉक्स दिसतो, दोन डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या खिडक्या! दिवा वर चढवला, चष्म्याच्या दांड्या कानावर जरा उचलल्या, हनुवटी खाली, तेव्हा कुठे डोळे दिसले. आणि काय डोळे आहेत हो ताईंचे! आम्ही कधी बघितलेच नव्हते, वरचे अकरा बघण्यात वेळ गेला. एक फोटो निवडला. ब्रशला हात लावला नाही. एक ठिपका हलवला नाही!

लागला फोटो भिंतीवर. ताई सांगतात, मुलं आता त्याच्यासमोर थांबतात, पळत नाहीत. निरोप समारंभाला मी ऐटीत गेले, फोटोच्या शेजारीच उभी राहिले. गणिताच्या बाई आल्या. "वा! आठी काय सफाईने पुसलीत हो! कुठलं ॲप?" म्हटलं, "पुसली नाही! नव्हतीच!" "हो हो," म्हणाल्या, आणि डोळा मारला! शाळेचे शिपाई, "बाई, मस्त धुऊन काढलीत!" मग चित्रकलेचे सर, मग ग्रंथपाल… मी प्रत्येकाशी भांडले. घसा बसला माझा. रात्री घरी आल्यावर हे, ज्यांनी स्वतः पडदा धरला होता, ते विचारतात, "खरं सांग, थोडं काहीतरी केलं असशील ना?"

बरं, तेही सोसलं. पण खरी गंमत पुढेच आहे. गेल्या रविवारी ताई आल्या. नवीन चष्मा, कपाळ गुळगुळीत, तोंडभर हसू. सोफ्यावर बसल्या, वर बघितलं आणि अगदी प्रेमाने म्हणाल्या, "ह्या पंख्याचा रंग मुळातच असा आहे का गं?" मग पडद्याची खालची कड. मग कपाटावरची धूळ. मग, "अगं, तुझे केस कधी एवढे पांढरे झाले?" आवाज चढलेला नाही, आठी नाही, काही नाही! हसत हसत एकेक कोपरा वाचून काढला. पूर्वी बिचाऱ्या नुसत्या रागावलेल्या दिसायच्या हो, दिसत काहीच नव्हतं!

तर, निघते मी. आज शनिवार, उद्या ताई येणार. शेजाऱ्यांकडून शिडी आणायचीय.