धाकट्याची बाग

—अहो, तिकडून नका जाऊ, चिखल आहे. माझ्या बागेतून या. मी थोरला. तुम्ही घ्यायला आलात ती धाकट्याची – चरापलीकडची. बघा ना, डोळे भरून बघा! हे पान धरा. काळपट डाग दिसतात? बुरशी! आणि हे सफरचंद – अंगभर खपल्या, वर तडकलंय. कोण विकत घेईल हे? का झालं असं? सांगतो. गळलेला पाला वेळेवर उचलायचा असतो. बुरशी त्यातच हिवाळा काढते आणि पाऊस पडला की कोवळ्या पानांवर येऊन बसते. शंभरदा सांगितलं! पण आमचे शहाणे औषध कधी मारणार? डाग दिसल्यावर! का, तर बाबा तसंच करायचे. कप्पाळ!

दरवर्षी मीच ओढतो त्याचा पाला – हो, मीच, तो उठायच्या आत – त्याला वाटतं वाऱ्याने जातो. यंदा नाही ओढला. का म्हणजे? बाग विकून लेकीकडे राहायला जाणार म्हणाला, आणि मला कळलं कुणाकडून? दूधवाल्याकडून! पाठचा भाऊ ना तो माझा? म्हटलं, लागू दे रोग, गिऱ्हाईक फिरकणार नाही, मग बसेल गपचूप घरात. ही गेली तेव्हापासून रात्रीचं जेवायला तोच तर येतो – भांडतो, मीठ कमी म्हणतो, पण येतो ना! तो गेल्यावर मी काय भिंतीशी भांडू?

काय? बरंच झालं? स्वस्तात मिळेल? आणि झाडं – उपटणार? सगळी? गोदाम बांधायला? अहो, थांबा, थांबा! याने झाड मरत नाही हो! पानं जातात, फळं डागाळतात, झाड ठणठणीत असतं. पुढच्या वर्षी मी स्वतः फवारतो, फुलं यायच्या आधी – मघाशी मी जरा वाढवूनच सांगितलं – फोन कुणाला लावताय? त्याला? ‘बाग रोगट आहे, तुमचे थोरले बंधूच म्हणाले’ – अहो, असं काय सांगताय! द्या इकडे, द्या तो फोन.

हं, बोल. ... हो, मीच म्हणालो. ... अरे, पण ऐक तरी, मी काय तुझ्या वाईटावर – हॅलो? हॅलो?

ठेवला.

‘म्हणतील त्या भावाला दिली म्हणून सांग त्यांना’, म्हणाला. घ्या तुमचा फोन. झालं ना तुमचं काम? निघा आता.