नकाशावर नसलेली गल्ली

विजयमाला : म्हणजे आमच्या गल्लीतल्या आडात ब्लीचिंग पावडर आज पडणार नाहीच?

हत्तुरे : पडणार की, वैनी. पण परवा. महापालिकेनं आमच्या आरोग्य खात्याला पावडर दिली ती एवढीशी. पटकीचे पेशंट जिथं, तिथलं पाणी आधी. हा नकाशा बघा की. लाल शाई म्हणजे पेशंटचं घर. पेन्सिल म्हणजे नुसतं लक्ष ठेवायचं घर. तुमच्या गल्लीत काय हाय? कोरा कागद.

विजयमाला : माझी पोर दोन वर्षांची आहे, इन्स्पेक्टर. कोऱ्या कागदावर भरवसा ठेवून मला झोप लागत नाही. भूगोल घेऊन बी.ए. झालेय मी.

हत्तुरे : मग तुमीच वाचा. एका आडाचं पाणी बाधलं असतं तर ठिपके त्या आडाभोवती पडले असते. हे तर मोहरी सांडल्यागत चार पेठांत पसरलेत.

विजयमाला : सगळ्यांना पाणी एकाच टँकरचं असेल.

हत्तुरे : कुठलं ओ. यंदाच्या दुष्काळात ज्याला जिथं मिळंल तिथलं.

विजयमाला : पेशंट कोण कोण आहेत?

हत्तुरे : बाया. आन् बारकी पोरं. गडी एखादाच.

विजयमाला : असं का?

हत्तुरे : तेच तर उमजंना.

(विजयमाला शाळेत शिकवायला जाते तेव्हा मनूला सांभाळणारी नागम्मा तिला कडेवर घेऊन येते.)

नागम्मा : घ्या अम्मा तुमची लेक. शाळा सुटून कधी आलात? हिला भूक लागली म्हणते.

विजयमाला : ये गं मनू. नागम्मा, हिच्या फ्रॉकला तंबाखूचा वास येतोय.

नागम्मा : माझ्या लुगड्याचा लागला असंल. बिड्या वळणारी मी, अत्तर कुठलं लावू?

विजयमाला : केसांत पानाचा चुरा आहे. घरी तर तू तिला पानांच्या सुपाजवळ फिरकू देत नाहीस. कुठं नेलं होतंस?

नागम्मा : ...कारखान्यात. वळलेल्या बिड्या द्यायच्या होत्या, अम्मा. उशीर झाला की चेकर सगळ्या छाटात टाकतो, खराब म्हणून मजुरी कापतो. तुम्ही शाळेत. पोरीला ठेवू कुणाकडं? आम्ही सगळ्या पोरं घेऊनच जातो की.

विजयमाला : एवढ्या उन्हात?

नागम्मा : रांग सरकत नाही लवकर. दारात रांजण हाय, पोरं पितात.

विजयमाला : ही प्यायली?

नागम्मा : तहान तहान करून रडायली होती. माझ्याच हातानं पाजलं.

हत्तुरे : थांबा थांबा. रांगेत कुठल्या पेठेतल्या बाया असतात?

नागम्मा : सगळ्या पेठांतल्या. कमलम्मा माझ्याच शेजारी बसते. परवापासून आली नाही ती.

हत्तुरे : कमलम्मा... हे तिचं घर. लाल.

विजयमाला : माणसं झोपतात तिथं तुम्ही ठिपका देताय. पाणी पितात तिथं देऊन बघा.

हत्तुरे : कारखान्यात गेलो होतो, वैनी. हितं कोण आजारी न्हाय म्हणाले.

विजयमाला : आजारी पडलेली घरी असते. ती तिथं कशी दिसेल?

नागम्मा : साहेब, माझं नाव घेऊ नका. उद्यापासून वळायला पान-तंबाखू देणार नाहीत मला.

हत्तुरे : तुमचं नाव कशाला? चार पेठांतले ठिपके हायत की सांगायला. वैनी, आणलेली पावडर तिकडंच वळवतो आता.

विजयमाला : वळवा. लवकर जा.

नागम्मा : अम्मा, मला शिवी तरी द्या.

विजयमाला : तूही तेच पाणी प्यालीस?

नागम्मा : आधी तिला दिलं. मग मी.

विजयमाला : मग घरी जाऊ नकोस आज. इथंच राहा, माझ्या नजरेसमोर. दोघीही. मी पाणी उकळत ठेवते.

हत्तुरे : वैनी, निघतो. तुमच्या घराचं काय करू? खूण करू?

विजयमाला : करा. पेन्सिलीनं.