कूलरले रशियन शब्द नाही

मले आता कोणी रशियन शिकवू नका वं. आमच्या पोराची होणारी सासू तिकडं रशियात. आपली मुलगी नागपुरात कशी राहील, याचा तिच्या जिवाले घोर. म्हटलं, आपणच तिच्या भाषेत घर सांगावं. महिनाभर पोळ्या लाटता लाटता घोकलं. दार म्हणजे द्वेर, खिडकी म्हणजे अक्नो.

व्हिडिओ कॉलवर सगळं बरं चालू होतं. मग कूलरची पाळी आली. नागपूरचं घर सांगायचं आन् कूलर सोडून द्यायचा, असं कसं चालेल? पण पुस्तकात त्याले शब्दच नाही. मग मी रशियनमध्ये म्हटलं, "मुलीच्या खोलीत, खिडकीत मोठी पेटी आहे. पेटीत पाणी आहे, सुकं गवत आहे. रात्रभर आवाज येतो."

विहीणबाई हळूच विचारते, "कोणता प्राणी आहे?"

मी कपाळाले हात लावला. आमच्या ह्यांना वाटलं, दाखवूनच टाकावं. गेले आन् बटण दाबलं. दिवाळीपासून बंद असलेला कूलर असा खडखडला की खिडकी हादरली.

विहीणबाईनं शेजारी बसलेल्या मुलीचा हात घट्ट धरला आन् मले विचारलं, "चावतो का?"